घर नाकारलेल्या मुलांचा निवारा



स्मरणिकेच्या संपादकीयातून वर्षभरातील कार्याचा आढावा घ्यावा, जाहिरातदारांचे आभार मानावेत आणि नव्या कार्यकारिणीस शुभेच्छा द्याव्यात, असा आपल्याकडील प्रघात आहे. तो आढावा चिटणीसांच्या अहवालात सविस्तर आलेला असल्यामुळे ही पाने आम्ही यंदा एका वेगळ्या विषयासाठी वापरत आहोत. हा विषय आपल्या सभेत निघत नाही. कार्यक्रम संपल्यावर, मुले गाडीत बसल्यानंतर, दोन मित्र बाहेर उभे राहून त्याविषयी हळू आवाजात बोलतात आणि तिसरा जवळ आला की बोलणे थांबते. समलिंगी आकर्षण असलेली, अथवा जन्माच्या वेळी नोंदल्या गेलेल्या लिंगाशी ज्यांच्या मनाचा मेळ बसत नाही अशी जी मुले-मुली आईवडिलांच्या घरातून काढली जातात, किंवा घरातील छळ असह्य होऊन स्वतःच बाहेर पडतात, त्यांना त्या रात्री डोके टेकावयास जागा कोण देतो आणि त्या जागेचे भाडे कोण भरतो, हा तो विषय.

प्रथम वैद्यकीय बाजू सांगितली पाहिजे. ती आमच्या व्यवसायाची आहे आणि तिच्याविषयी सुशिक्षितांतही पुष्कळ गैरसमज आहेत. आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात होतो त्या काळी न्यायवैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात समलिंगी संबंधांचे वर्णन अनैसर्गिक गुन्ह्यांच्या प्रकरणात येत असे, आणि परीक्षेपुरते ते पाठ करून आम्ही सारे पुढे गेलो. वस्तुतः अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी आकर्षण हा आजार नव्हे असे १९७३ सालीच मान्य केले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी ते आपल्या रोगसूचीतून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात, प्रौढांनी परस्परसंमतीने ठेवलेल्या समलिंगी संबंधांना दंडसंहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशास अनुसरून, अशा व्यक्तीस 'सरळ' करण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. ज्या खटल्यातून हा निर्देश निघाला त्याची हकीकत प्रत्येक पालकाने वाचण्याजोगी आहे. मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून चेन्नईस आल्या होत्या. पालकांनी त्या हरवल्याची तक्रार नोंदविली आणि पोलीस त्यांच्या मागे लागले. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी, आपणांस हा विषय पुरेसा समजत नाही असे नमूद करून, प्रथम स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून तो समजावून घेतला व मग ७ जून २०२१ रोजी आदेश दिला. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश एवढे करू शकतो, तर बापाने एक संध्याकाळ काढावयास हरकत नसावी.

काही वर्षांपूर्वी येथीलच एक गृहस्थ आमच्याकडे आले. ओळख पटेल असा तपशील येथे गाळला आहे. मुलगा पुण्यास शिकत होता. त्याने आईला दूरध्वनीवर काही सांगितले होते. गृहस्थांना एवढेच विचारावयाचे होते की, यावर हार्मोनचे एखादे इंजेक्शन मिळते काय. मिळत नाही, कारण येथे रोगच नाही, हे आम्ही त्यांना दोन-तीन प्रकारे समजावून सांगितले. उठता उठता ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या महिन्यापासून त्याचे पैसे मी बंद केले आहेत, आपोआप ताळ्यावर येईल." आम्ही विचारले, मग तो सध्या राहतो कोठे? त्यांना ठाऊक नव्हते. खोलीचे भाडे थकले म्हणून घरमालकाने त्याला बाहेर काढले होते आणि तो मित्रांच्या खोल्यांवर, कधी रेल्वे स्थानकावर, रात्री काढत होता, हे पुढे आईकडून कळले.

या प्रसंगात कोणी मुलाला हात धरून उंबऱ्याबाहेर ढकलले नाही. दरमहा एक्स्चेंजमधून जाणारे पैसे थांबले, एवढेच घडले. परदेशस्थ कुटुंबातील मूल बेघर होते ते बहुधा असेच. आणि जी थोडी आधारगृहे या मुलांसाठी उभी आहेत, तीही मोडतात ती याच रीतीने. दरमहाचे पैसे थांबले की मोडतात. आमचे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

आपल्या समाजापुढे शिक्षण, नोकऱ्या, अत्याचार असे डोंगराएवढे प्रश्न असताना हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. घराने टाकलेल्या माणसास निवारा देणे हे आपल्या चळवळीस नवे नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे येणाऱ्या गरोदर विधवांना त्यांच्याच आप्तांनी लज्जेपायी वाऱ्यावर सोडलेले असे. त्यांचा 'गुन्हा' हा देखील शरीराशी व इज्जतीशी निगडित मानला जाई. त्या स्त्रियांपैकीच काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. प्लेगच्या साथीत सावित्रीबाई ज्या दवाखान्यातील रुग्णांची शुश्रूषा करता करता १८९७ साली गेल्या, तो यशवंतरावांचाच. आमच्या व्यवसायातील माणसास ही हकीकत विशेष जवळची वाटते.

बाबासाहेबांना निवारा नाकारला गेल्याचा अनुभव प्रत्यक्ष होता. १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी गेलेल्या, परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या या तरुणास पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्राने, दोघांनीही आपल्या घरी ठेवण्यास टाळाटाळ केली, आणि पुढचे तास त्यांनी बागेतील झाडाखाली काढले. हा प्रसंग आपल्या मुलांना तोंडपाठ असतो. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्याच्या खर्चासाठी सोलापूर नगरपालिका महिना ४० रुपये देत असे. रक्कम लहान होती, पण ती मासिक होती. वसतिगृह चालविणाऱ्यास वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या देणगीपेक्षा अशा चाळीस रुपयांचा आधार अधिक असतो, हे ज्याने कधी वसतिगृहाचा जमाखर्च पाहिला आहे त्यास सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या व्याख्यानांत क्वचितच येते. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला भरला गेला. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना कर्वे यांनी दिलेली उत्तरे हा आरोपाचा विषय होता. कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला ते हरले व कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांच्या लगतच्या काळात, येवल्याच्या घोषणेच्या आदल्या वर्षी, त्यांनी हे वकीलपत्र घेतले होते. त्यांच्यापुढे तेव्हा मोठे प्रश्न नव्हते असे कोण म्हणेल?

आता आजची व्यवस्था काय आहे ते पाहू. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९४ साली हमसफर ट्रस्ट स्थापन केला; पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला. पुण्यातील घर तरुणपणी सोडून मुंबईस आलेल्या गौरी सावंत यांनी सखी चारचौघी ट्रस्ट उभा केला, आणि १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना स्वतःची लिंग-ओळख ठरविण्याचा हक्क देणारा जो निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला, त्या लढ्यात त्यांचाही सहभाग होता. या संस्थांनी पुष्कळ काम केले. परंतु त्यांच्याकडे येणाऱ्या पैशाचे मूळ पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. दीर्घ काळ हा पैसा मुख्यतः एड्स नियंत्रणाच्या शीर्षाखाली आला. निरोध वाटणे, रक्त तपासणे, औषधाकडे पाठविणे यांसाठी अनुदान होते. ज्याचे रक्त तपासले त्याने रात्री झोपावे कोठे, यासाठी नव्हते. शासनास आणि परदेशी देणगीदारांस ही माणसे प्रथम दिसली ती रोगाचे वाहक म्हणून. डॉक्टर या नात्याने आम्ही त्या कार्यक्रमाचे मोल जाणतो, त्याने अनेकांचे प्राण वाचविले. तरीही छापील अंदाजपत्रकात अंथरुणासाठी रकाना नसणे ही गोष्ट खटकते.

त्याआधी आणि त्यानंतरही, घराबाहेर पडलेल्या पुष्कळ मुलांचा खरा आधार होता तो गुरू-चेल्यांचा डेरा. त्याची टिंगल करण्याचा अधिकार आपणांस नाही. आईबापांनी टाकलेल्या मुलास त्याने अन्न, नाव आणि नाते दिले. मात्र त्या छपराची किंमत असते. बधाई, दुकानांपुढील मागणी, पुष्कळदा देहविक्रय यांतून कमाई आणून द्यावी लागते, आणि अकरावी-बारावीत असलेल्या मुलाचे शिक्षण तेथेच संपते.

शासकीय निवाऱ्याचा आरंभ अलीकडचा आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या 'गरिमा गृह' योजनेतील पहिल्या केंद्राचे उद्घाटन तत्कालीन मंत्री थावरचंद गेहलोत यांनी २५ नोव्हेंबर २०२० रोजी केले. ते कोठे, तर वडोदऱ्यास. म्हणजे ज्या बडोद्यात बाबासाहेबांना छप्पर मिळाले नव्हते तेथेच. ते चालवावयास घेतले लक्ष्य ट्रस्टने. त्याचे संस्थापक मानवेंद्रसिंह गोहिल राजपीपळा संस्थानच्या राजघराण्यातले. त्यांना २००६ साली कुटुंबाने वृत्तपत्रातून जाहीरपणे बेदखल केले होते. राजवाड्यातील मुलाचीही यातून सुटका झाली नाही. पुढे निरनिराळ्या राज्यांत मिळून प्रायोगिक स्वरूपात १२ केंद्रे झाली. महाराष्ट्रातील एक केंद्र मुंबईत ट्वीट फाउंडेशनकडे आले. प्रत्येक ठिकाणी सुमारे २५ जणांची सोय, जेवण, औषधपाणी, समुपदेशन आणि काही कौशल्याचे शिक्षण, अशी ही योजना. २०२२ साली ती 'स्माइल' नावाच्या एकत्रित योजनेत घेण्यात आली आणि तिच्यासाठी २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांकरिता ३६५ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. या एकत्रित योजनेचा दुसरा भाग भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनाचा आहे. तृतीयपंथीय आणि भिक्षेकरी यांना एकाच दोरीत का बांधले, हे योजनाकारांनाच ठाऊक.

कागदावर हे सारे चांगले आहे. अडचण पुढे आहे. २०२३ साली दिल्लीतील मित्र ट्रस्टच्या गरिमा गृहासह अनेक केंद्रांना मंजूर अनुदान महिनोन्महिने मिळाले नाही. भाडे थकले, किराणा उधारीवर आला, कर्मचाऱ्यांचे पगार राहिले, आणि घरातून काढलेल्या मुलांना दुसऱ्यांदा घराबाहेर पडण्याची वेळ येते की काय अशी भीती निर्माण झाली. योजना बंद झाली नव्हती, तरतूदही होती; पैसा वेळेवर येत नव्हता. तृतीयपंथीय व्यक्तीस भाड्याने जागा देणारा मालक शोधण्यातच आधी काही महिने जातात, आणि असा मालक मिळाल्यावर पहिल्याच वर्षी भाडे चुकले तर दुसरा मिळत नाही. परदेशी पैशाचीही तीच गत. २०२५ च्या प्रारंभी अमेरिकेने परकीय मदत थांबविताच हैदराबाद, पुणे आणि कल्याण येथील तृतीयपंथीयांसाठीचे मित्र दवाखाने बंद पडले. हैदराबादचे केंद्र पुढे दुसऱ्या देणगीदाराच्या आधाराने नव्या नावाने सुरू झाले. हार्मोन उपचार मध्येच तुटले असता शरीरावर व मनावर काय परिणाम होतात, हे आम्ही येथे विस्ताराने सांगत नाही.

शिवाय या योजनेत दोन मोठ्या फटी आहेत. गरिमा गृह हे तृतीयपंथीय प्रौढांसाठी आहे. सोळा वर्षांचे मूल बाहेर पडले तर ते बालकल्याण समितीपुढे जाते. १०९८ हा बालमदत क्रमांक त्यासाठीच आहे. परंतु समिती बहुधा मुलास परत घरी पाठविण्याकडे कल ठेवते, आणि त्रास तर घरातच असतो. दुसरी फट अशी की, समलिंगी मुलगा किंवा मुलगी तृतीयपंथीय नसते, म्हणून तिला त्या दारातून प्रवेशच नाही. समलिंगी विवाहासंबंधीच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी प्रत्येक जिल्ह्यात अशी सुरक्षित घरे असावीत असे म्हटले होते. पण ते मत अल्पमतात राहिले. २०१९ च्या तृतीयपंथीय व्यक्ती हक्क कायद्याने मुलास आईवडिलांच्या घरी राहण्याचा हक्क दिला, त्यास घर सोडावयास लावणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कारावासाची शिक्षा ठेवली, आणि कुटुंबास सांभाळणे शक्य नसेल तर न्यायालयाने पुनर्वसन केंद्रात पाठवावे असे म्हटले. पण ज्या केंद्रात पाठवावयाचे ते संपूर्ण महाराष्ट्रात मोजून किती?

संपन्न देशांतही हे प्रश्न सुटलेले नाहीत. १९८९ साली मँचेस्टरमध्ये अल्बर्ट केनेडी हा सोळा वर्षांचा मुलगा वाहनतळाच्या इमारतीवरून पडून मेला. त्याच्या नावाने निघालेल्या संस्थेने अशा मुलांना समंजस कुटुंबांच्या घरी ठेवण्याची पद्धत रूढ केली. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर राहणाऱ्या अली फॉर्नी याचा १९९७ साली खून झाला, आणि २००२ साली त्याच्या नावे निवारा केंद्र उभे राहिले. अमेरिकेत २०१२ साली झालेल्या एका पाहणीत, बेघर तरुणांसाठीच्या केंद्रांवर येणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के या वर्गातील असल्याचे दिसले. तरीही तेथील सरकारने आत्महत्या प्रतिबंधक दूरध्वनीवरील या तरुणांसाठीची स्वतंत्र सोय जुलै २०२५ मध्ये बंद केली. देश श्रीमंत असला म्हणजे अनुदान टिकतेच असे नाही.

वैद्यकीय शास्त्रातील एक निष्कर्ष मात्र आम्ही पालकांपुढे आग्रहाने ठेवतो. २००९ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात सॅन फ्रान्सिस्कोच्या केटलिन रायन आणि सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांनी २२४ तरुण-तरुणींचा अभ्यास केला. ज्यांना किशोरवयात कुटुंबाने तीव्रपणे झिडकारले, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण फारसे न झिडकारलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट, आणि तीव्र नैराश्याचे ५.९ पट आढळले. हा फरक समलिंगी व विषमलिंगी मुलांमधला नाही. दोन्ही गट समलिंगी वा उभयलैंगिक तरुणांचेच होते. वेगळे होते ते आईवडिलांचे वागणे. एवढा परिणाम करणारी दुसरी गोष्ट पालकांच्या हाती क्वचितच असते.

आता आपल्या, म्हणजे कतारमधील कुटुंबांच्या परिस्थितीकडे येऊ. येथील २००४ च्या दंडविधानानुसार समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. या देशाचे कायदे पाळूनच आपण येथे राहतो, आणि त्या कायद्यांची चर्चा हे या पानांचे काम नाही. त्याचा परिणाम मात्र लक्षात घ्यावा लागतो. आपल्या मुलास येथे कोणापाशी मन मोकळे करता येत नाही. म्हणून बारावीनंतर तो पुणे, मुंबई किंवा नागपूरला गेला की पहिल्या दुसऱ्या वर्षातच घरी सांगतो. तोवर तो येथील रहिवासासाठी सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असतो. रहिवासी परवाना वडिलांच्या नावावर. मुलास तो शिक्षण संपेपर्यंत, फार तर पंचविसाव्या वर्षापर्यंत. सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास परवाना रद्द होण्याचा संभव. म्हणजे पुण्यातील खोलीचे भाडे, महाविद्यालयाचे शुल्क, खानावळ आणि दोह्याच्या घराचे दार, या चारही गोष्टी एकाच माणसाच्या एका सहीवर असतात. गावातील मूल रुसून मामाकडे जाऊ शकते. आपले मूल ज्या शहरात असते तेथे त्याला धड पत्ताही माहीत नसतो.

जे मूल आपल्या वस्तीतले आहे, गावाकडील बौद्धवाड्यातले आहे, त्याची अडचण आणखी निराळी. घर सोडताना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका ही कागदपत्रे वडिलांच्या कपाटात राहतात. शिष्यवृत्तीस आणि समाजकल्याणच्या वसतिगृहास पालकांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. पालकच बोलत नसतील तर तो मिळणार कोठून? सवर्ण मूल घराबाहेर पडले तर त्यास भाड्याची खोली तरी मिळते. आपल्या मुलास आडनाव सांगितल्यावर एकदा आणि चालणे-बोलणे पाहिल्यावर दुसऱ्यांदा नकार येतो. वंचित बहुजन आघाडीने दिशा पिंकी शेख यांना राज्य प्रवक्तेपद दिले आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत रावेरमधून शमिभा पाटील यांना उमेदवारी दिली. राजकीय पक्षास जे सुचले ते आपल्या विहारांना आणि वसतिगृहांना का सुचू नये?

काही उपासक सिगालोवाद सुत्ताचा आधार घेऊन म्हणतात की, मुलांचे योग्य स्थळी लग्न लावून देणे हे मातापित्यांचे कर्तव्य सांगितले आहे. ते खरे आहे; तेथे सांगितलेल्या पाच कर्तव्यांपैकी ते एक आहे. उरलेली चार म्हणजे पापापासून परावृत्त करणे, सन्मार्गास लावणे, विद्या-कला शिकविणे आणि योग्य वेळी वारसा हाती देणे. एक कर्तव्य पार पाडता येत नाही म्हणून शिक्षण थांबवावे व वारसा काढून घ्यावा, असा अर्थ त्या उपदेशातून कोणासही काढता येणार नाही.

पैशाविषयी काही व्यावहारिक गोष्टी. कतारमध्ये परवानगीवाचून देणग्या गोळा करणे बेकायदेशीर आहे. धर्मादाय कार्याचे नियमन करणारा २०१४ चा कायदा त्याबाबत स्पष्ट आहे. म्हणून आपली संघटना या कार्यासाठी डबा फिरविणार नाही, व कोणी सदस्याने तसे करू नये. परंतु प्रत्येकास वैयक्तिक मार्ग मोकळा आहे. परदेशी देणग्यांविषयीच्या भारतीय कायद्याखाली, भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने भारतातील संस्थेस दिलेली रक्कम परकीय देणगी मानली जात नाही. अमेरिकेचे किंवा इंग्लंडचे नागरिकत्व घेतलेल्या आपल्या बांधवांना ही मुभा नाही. त्यांची देणगी केवळ त्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेसच, दिल्लीतील ठरलेल्या बँक शाखेतील खात्यातूनच घेता येते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेस असा पैसा लहान संस्थेकडे वळविता येत नाही, त्यामुळे जिल्ह्यांतील लहान आधारगृहे त्या मदतीस पारखी झाली. आखातात चाळीस वर्षे राहूनही आपणांस येथील नागरिकत्व मिळत नाही, याची खंत आपण नेहमी करतो. या एका बाबतीत मात्र ते भारतीय पारपत्रच उपयोगी पडते. संस्था निवडताना तिची नोंदणी, मागील वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब, आणि भाडे किती महिन्यांचे थकले आहे, हे विचारावे. चांगली संस्था या प्रश्नाने रागावत नाही. आणि जयंतीस एकदा पाच हजार देण्यापेक्षा दरमहा पाचशे रुपयांचा स्थायी आदेश बँकेस द्यावा. वाढदिवसाचे फळवाटप आणि छायाचित्रे पुष्कळ झाली.

पैशाहून दुर्मिळ वस्तू आहे ती जागा, आणि ती आपल्यापाशी आहे. आपल्यातील किती जणांच्या सदनिका पुणे, कल्याण, बदलापूर, नागपूर येथे कुलूपबंद आहेत! वर्षातून तीन आठवडे आपण त्यात राहतो, उरलेला वेळ सोसायटीची वर्गणी भरतो. अशी सदनिका नोंदणीकृत ट्रस्टला रीतसर नोंदविलेल्या भाडेकराराने, अकरा महिन्यांसाठी, माफक भाड्याने देता येईल. मालक अनिवासी असल्याने भाड्यातून उगमस्थानीच कर कापला जातो, हे आधी ट्रस्टच्या लक्षात आणून द्यावे, अन्यथा मागाहून त्यांच्यावर बोजा येतो. सोसायटीच्या कमिटीतून हरकत येणार हे गृहीत धरावे. ती भाडेकरूंवर न सोपविता मालकाने स्वतः कमिटीशी बोलावे. चार मुले, एक काळजीवाहू, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, एवढ्यावर छोटे आधारगृह चालू शकते.

कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत अशा रिकाम्या सदनिकांची एक यादी करण्याचे योजिले आहे. इच्छुकांनी आपल्या सदनिकेचे शहर, खोल्यांची संख्या आणि ती किती महिन्यांसाठी देता येईल, एवढेच चिटणीसांना कळवावे. कारण सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्या घरी प्रत्यक्ष असा प्रसंग उद्भवला असेल त्यांनी आमच्याशी दवाखान्याच्या वेळेनंतर केव्हाही बोलावे, आणि तत्पूर्वी या महिन्याचे पैसे मुलास पाठवून द्यावेत.